सायबर प्रकरणात वकील कसा शोधायचा? आधी काय करायचं, सनद कशी तपासायची, फी कशी ठरवायची

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मामेभावाचा फोन आला. "दादा, अकाऊंटमध्ये एक लाख अठरा हजार दिसतायत, पण एक रुपया निघेना. यूपीआय बंद, एटीएम बंद." साताऱ्यात त्याचं मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. ब्रांचमध्ये विचारलं तर "सायबर पोलिसांनी फ्रीज केलंय, आमच्या हातात काही नाही" एवढंच उत्तर मिळालं. दुकानाचं भाडं आणि बहिणीची कॉलेजची फी त्याच खात्यातून जायची होती. संध्याकाळी त्याने मला इन्स्टाग्रामवर आलेला एक मेसेज फॉरवर्ड केला. स्वतःला 'सायबर लॉ एक्स्पर्ट' म्हणवणारे कोणीतरी वकीलसाहेब: चोवीस तासांत खातं सुरू, पंचवीस हजार आधी, सुटलेल्या रकमेतले तीस टक्के नंतर.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, वकील नाही. पण त्या एका खात्यापायी पुढचे दीड महिने मी कायदे वाचले, कोर्टाच्या वेबसाइट उलट्यापालट्या केल्या आणि चार वकिलांना भेटलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण अशी वेळ आली की माणूस आधी घाबरतो आणि मग समोर येईल त्याला पैसे देऊन बसतो.

आधी हे बघा: वकील आत्ताच हवाय का?

पैसे गेले असतील तर पहिला फोन वकिलाला नाही, १९३० ला. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकत असतात, आणि ते बाहेर काढले जायच्या आत अडवणं एवढाच या फोनचा हेतू. इथे अर्धा तास उशीर झाला तरी फरक पडतो. जगातला सर्वोत्तम वकीलही हे काम तुमच्यापेक्षा लवकर करू शकत नाही. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि मिळालेला पोचक्रमांक जपून ठेवा. पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं.

लगेच बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा मुद्दा साधा आहे: चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी व्यवहार केला आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर जबाबदारीला मर्यादा असते. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान तुमच्या माथी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

फोटोचं प्रकरण असेल, म्हणजे कोणी खासगी फोटो टाकले, मॉर्फ केले, बनावट प्रोफाइल काढलं, तर आधी त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. २०२१ च्या आयटी नियमांनी असा फोटो तक्रारीनंतर २४ तासांच्या आत हटवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही समिती २०२३ पासून आहे आणि तिचं काम पूर्ण ऑनलाइन चालतं. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची सेवाही वापरून बघा. तिथे तुमचा फोटो अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. फोटोतली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर मात्र थेट पोलीस, कारण तिथे पॉक्सो लागतो. आणि तो फोटो 'पुरावा' म्हणूनसुद्धा कोणाला फॉरवर्ड करू नका.

मग वकील लागतो कधी? तुमच्याविरुद्ध तक्रार झाली किंवा चौकशीला हजर राहण्याची नोटीस आली, तर त्याच दिवशी. पोलीस एफआयआर घेत नसतील तेव्हा. रक्कम मोठी असेल आणि बँकेकडून भरपाई मागायची असेल तेव्हा. अडवलेले पैसे सापडलेत, पण ते परत मिळायला कोर्टाचा आदेश हवाय तेव्हा. जुन्या कंपनीने 'सोर्स कोड चोरला' म्हणून नोटीस पाठवली तेव्हा (आमच्या क्षेत्रातल्या पोरांनो, ऑफिसचा कोड पर्सनल लॅपटॉपवर ठेवू नका, हे जाता जाता). आणि मामेभावासारखं खातं गोठलं तेव्हा.

'सायबर वकील' अशी वेगळी सनद नसते

भारतात वकिली करायला राज्याच्या बार कौन्सिलची सनद लागते. आपल्याकडे ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा देते, आणि तिच्या नंबराची सुरुवात 'एमएएच'ने होते. पुढे क्रमांक आणि वर्ष. सनद एकच. डॉक्टरांसारखी 'स्पेशालिस्ट'ची वेगळी डिग्री आणि वेगळी नोंदणी इथे नाही. सायबर कायद्याचा सहा महिन्यांचा डिप्लोमा भिंतीवर असेल तर चांगलंच, पण तो म्हणजे परवाना नव्हे.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. वकिलांना जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार पाटीवर 'अमुक कामात तज्ज्ञ' असं लिहायलाही मनाई आहे. २००८ पासून स्वतःची वेबसाइट ठेवता येते, पण तिच्यावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढीच माहिती चालते. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन डिरेक्टरीतून वकिलांची दुकानदारी चालवण्यावरही कडक शब्दांत आक्षेप घेतला. म्हणजे "१०० टक्के रिकव्हरी" असं रील बनवणारा माणूस एकतर वकील नाही, किंवा वकील असून आपल्याच पेशाचे नियम मोडतोय. दोन्ही बाबतीत आपण लांब राहिलेलं बरं.

त्यात एक मोठा धोका आहे. फसवणूक झालेल्यांचे नंबर पुढे विकले जातात, आणि काही दिवसांनी 'वकील', 'सायबर सेल', 'रिकव्हरी एजंट' असे फोन सुरू होतात. आधीचे पैसे गेलेत म्हणून माणूस उतावीळ असतो, आणि दुसऱ्यांदा फसतो. ओळख नसताना समोरून आलेला मेसेज कितीही सुटाबुटातला असो, उत्तर देऊ नका. आणि व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' करणारा पोलीस किंवा न्यायाधीश भेटला तर फोन कट करा. असा प्रकार आपल्या कायद्यात नाही.

मी वकील कसा तपासला

नावं मिळवायला मी जुनाच मार्ग धरला: ओळखीतल्या एका वकिलाला विचारलं, "हे तुमचं क्षेत्र नाही, पण तुमच्या घरात असं झालं तर तुम्ही कोणाकडे जाल?" वकिलांना आपापसात कोण काय करतो ते बरोबर माहीत असतं. जिल्हा कोर्टाच्या बार असोसिएशनमध्ये जाऊन विचारलं तरी दोन-तीन नावं मिळतात.

मग मोबाईल काढला. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप तुमच्यापैकी फार कमी जणांकडे असेल, पण ते सरकारी आहे, फुकट आहे आणि भन्नाट आहे. त्यात 'केस स्टेटस'मध्ये वकिलाच्या नावाने किंवा सनद क्रमांकाने शोधता येतं. जिल्हा आणि कोर्ट निवडलं की त्या वकिलाची तिथली प्रकरणं दिसतात. एकेक उघडलं की कोणत्या कायद्याचं कोणतं कलम आहे तेही दिसतं. मला मिळालेल्या एका नावाची झाडून सगळी प्रकरणं चेक बाउन्सची निघाली. चेक बाउन्स वाईट नाही, पण मला ते नको होतं. दुसऱ्या एका वकीलबाईंच्या यादीत आयटी कायद्याची कलमं ६६-सी, ६६-डी बऱ्याच ठिकाणी होती. पहिलं कलम दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरण्याचं, दुसरं कॉम्प्युटर किंवा मोबाईल वापरून तोतयेगिरीने फसवण्याचं. दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. उच्च न्यायालयाचे निकाल 'इंडियन कानून' या साइटवर सापडतात आणि त्यात कोण वकील उभे होते ते लिहिलेलं असतं. नाव कॉमन असेल तर गोंधळ होतो, म्हणून सनद क्रमांक मागून घ्या. तो मागितल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडे थांबायची गरज नाही.

एक त्रुटी आहे. आयटी कायद्याखाली भरपाईचा दावा करायचा तर तो साध्या दिवाणी कोर्टात चालत नाही. कलम ४६ नुसार राज्याचा आयटी सचिव 'न्यायनिर्णय अधिकारी' म्हणून पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकतो, आणि आपल्याकडे ते काम मंत्रालयात चालतं. ही प्रकरणं ई-कोर्ट्सवर दिसत नाहीत. पण हा मार्ग कागदावरचा नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या याच अधिकाऱ्याने पुण्यातल्या एका कंपनीला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला होता. त्यावरचं अपील ४५ दिवसांत दिल्लीच्या टीडीसॅटकडे जातं. तुमचं प्रकरण बँकेच्या ढिल्या सुरक्षेचं असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: "कलम ४६ खाली अर्ज केलाय का कधी?" चारपैकी एकानेच मला 'हो' म्हटलं. दोघांनी विषय बदलला.

आणखी एक छोटी परीक्षा. बोलताबोलता ६६-अ कलमाचा विषय काढा. सोशल मीडियावर 'त्रासदायक' मजकूर टाकल्याबद्दल अटक करता येईल असं ते कलम होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, देशभर गदारोळ झाला, श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. तरीही पोलीस ते लावत राहिले, इतके की २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. आज कोणी वकील तुम्हाला "आपण समोरच्यावर ६६-अ टाकू" म्हणाला तर चहा घ्या, आभार माना आणि निघा.

पुरावा: इथे आपण वकिलापेक्षा जास्त करू शकतो

बहुतेक जण वकिलाकडे स्क्रीनशॉटचा ढीग घेऊन जातात, तोही क्रॉप केलेला. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. नव्या नमुन्यात दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलतो, म्हणून.

प्रमाणपत्राला इतकं महत्त्व का, हे जालन्याच्या निवडणुकीने ठरवलं. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की उमेदवारी अर्जच वेळ टळल्यावर भरला होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातला व्हिडिओ. प्रमाणपत्र मागूनही अधिकारी देत नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला: प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. पण मूळ उपकरणच, म्हणजे स्वतःचा फोन, मालकाने कोर्टात हजर केला तर त्याची गरज नाही.

आपल्यासाठी याचा सरळ अर्थ असा की तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नका. चॅट डिलीट करू नका, तुमचे स्वतःचे मूर्खपणाचे मेसेज असले तरी. स्क्रीनशॉटमध्ये प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ दिसू द्या, कारण नाव बदलता येतं. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये घ्या आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहून ठेवा. मग एका पानावर तारीखवार घटनाक्रम मराठीत लिहा. मी तो लिहून नेला तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "अशिलाने एवढं केलं की माझा अर्धा दिवस वाचतो." फीमध्येही फरक पडला असावा, असा माझा समज आहे.

वकिलाला मात्र काही लपवू नका. तुम्ही त्यांना जे सांगता ते गोपनीय ठेवणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर ते त्यांना पहिल्या दिवशी कळू दे, समोरच्या वकिलाकडून नको.

फी

"सुटलेल्या रकमेतले तीस टक्के" हे वाक्य आठवतंय? बार कौन्सिलचा नियम २० वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला मनाई करतो. म्हणजे तो मेसेज वाचूनच मामला संपायला हवा होता, पण तेव्हा मला नियमच ठाऊक नव्हता.

फी शहरागणिक आणि वकिलागणिक इतकी बदलते की आकडा लिहिण्यात अर्थ नाही. विचारायचं कसं ते सांगतो. 'पूर्ण केसचे किती' असं विचारू नका. नुसतं पत्र किंवा नोटीस लिहायचे किती, पोलीस स्टेशनला सोबत येण्याचे किती, कोर्टात अर्ज करायचे किती, प्रत्येक तारखेचे वेगळे का, टायपिंग-स्टॅम्प-प्रवास यात धरलाय का, हे सुटंसुटं विचारा. उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पैसे खात्यावर द्या आणि पावती घ्या. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचा, आणि कोऱ्या कागदावर सही कोणी कितीही घाई केली तरी नाही. 'बॉम्बे हायकोर्टाचे वकील' ऐकून भारावून जायचं कारण नाही. खालच्या कोर्टातला अर्ज असेल तर रोज तिथे बसणारा वकील बरा.

पैसे नसतील तरी रस्ता आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. एखाद्या मैत्रिणीचं फोटोचं प्रकरण असेल आणि घरी सांगायची भीती वाटत असेल, तर हा नंबर तिला जरूर द्या.

एफआयआर घेतच नाहीत तर

आयटी कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, त्यामुळे ठाण्यात 'साहेब नाहीत' हे वारंवार ऐकू येतं. पण तक्रार नोंदवून घ्यायला हद्दीचा प्रश्न आडवा येत नाही. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, ऑनलाइनही देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तरीही नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. या शेवटच्या पायरीला वकील घ्या.

मामेभावाच्या खात्याचं काय झालं

कोणत्या तरी दूरच्या राज्यात एकाची फसवणूक झाली होती. त्याचे पैसे चार-पाच खात्यांतून फिरले, आणि शेवटी ज्याच्या हाती आले त्याने मामेभावाच्या दुकानातून २,४०० रुपयांचे इअरबड्स घेऊन क्यूआर कोडवर पैसे दिले. तक्रार झाल्यावर साखळीतली सगळी खाती गोठवली गेली, त्यात हेही. दोन हजार चारशेसाठी एक लाख अठरा हजार अडकले.

वकीलबाईंनी पहिल्यांदा बँकेला पत्र देऊन पोर्टलचा तक्रार क्रमांक, कोणत्या राज्याचं कोणतं ठाणं आणि वादातली रक्कम किती, एवढं लेखी मागितलं. बँकेने दोन आठवडे लावले. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टने निवेदन गेलं: विक्रीचं बिल, दुकानाचा परवाना, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि मागणी एकच, की वादातल्या २,४०० रुपयांवर हवा तर होल्ड ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा. नकार आला असता तर तिकडच्या दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज, आणि त्यासाठी तिकडचा वकील, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही. सहाव्या आठवड्यात खातं सुरू झालं. बहिणीची फी तोवर मामाने पतसंस्थेतून उचलून भरली होती, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

२,४०० रुपये आजही होल्डवर आहेत. आता दुकानात क्यूआर कोडशेजारी बिलबुक ठेवलंय, आणि हजाराच्या वरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर तो लिहून घेतो.